तीन हजार शब्द येतात, मग निबंध का जमत नाही?

नमस्कार ताई,
मी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. परीक्षेला चार महिने आहेत. गेल्या वर्षभरात एका ॲपवरून इंग्रजीचे जवळजवळ तीन हजार शब्द अर्थासकट पाठ केले. वाचताना त्याचा फरक जाणवतो, लेख आता बऱ्यापैकी समजतात. पण लिहायला बसले की तेच ते शब्द पुढे येतात : गुड, व्हेरी, इम्पॉर्टंट, थिंग्ज. सरांनी शेरा दिला, 'शब्दसंपदा तोकडी, पुनरुक्ती फार.' म्हणून पुढच्या निबंधात पाठ केलेले मोठे शब्द घातले. त्यावर शेरा आला, 'कृत्रिम. शब्दांचा चुकीचा वापर.' दोन्ही निबंधांतले उतारे सोबत पाठवते आहे. आता मी आणखी तीन हजार शब्द पाठ करू, की शब्द सोडून व्याकरणाकडे वळू? शिवाय मी मनात मराठीत वाक्य जुळवते आणि मग इंग्रजीत लिहिते. ही सवय मोडायला हवी का?
– एक वाचक

नमस्कार,

तुमचे दोन्ही उतारे मी सावकाश, पेन्सिल हातात घेऊन वाचले. आधी उत्तर देते, मग कारणं. आणखी तीन हजार शब्द पाठ करू नका. जे पाठ केलेत त्यातलेच काही निवडून लिहिण्यात आणा. पुढच्या चार महिन्यांचा बराचसा वेळ त्यासाठी ठेवा. वर्षभराची मेहनत वाया गेली असं मनात आणू नका, कारण तसं झालेलं नाही. फक्त ती अर्ध्या वाटेवर थांबली आहे.

लिखाणात शब्दांना मोठं वजन आहे, हा तुमचा अंदाज बरोबरच आहे. आयेल्ट्सच्या लेखन परीक्षेत चार निकष असतात आणि शब्दसंपदा हा त्यातला एक, म्हणजे थेट 25 टक्के गुण. इंग्रजी शिकणाऱ्यांचे निबंध तपासण्यासाठी हॉली जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी 1981 साली जी गुणपद्धती मांडली, तिच्यातही शंभरातले 20 गुण शब्दांनाच होते. पण शब्दांचा परिणाम त्या एका रकान्यात मावत नाही. शब्द मोघम असेल तर तपासणाऱ्याला मुद्दाही मोघम वाटतो आणि आशयाचे गुण जातात. दोन वाक्यांना जोडणारा शब्द सापडला नाही तर मांडणीचे गुण जातात. शिवाय लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचा ताण वेगळाच. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी 1981 मध्ये लेखनप्रक्रियेचं एक प्रारूप मांडलं होतं. त्यांच्या मते लिहिताना माणूस योजना आखणं, विचार शब्दांत उतरवणं आणि लिहिलेलं तपासणं ही कामं आलटूनपालटून करत असतो, एकामागून एक अशी ती संपवत नाही. आता दर वाक्याला शब्द शोधण्यातच सगळं लक्ष खर्च झालं, तर मुद्द्यांची आखणी करायला डोक्यात जागा उरणार कुठे? तुमच्या पहिल्या उताऱ्यात तिसऱ्या वाक्यापासून मुद्दा भरकटतो, तो मला विचारांचा गोंधळ वाटत नाही. ती शब्द शोधण्याची दमछाक आहे.

मग वर्षभर पाठ केलेले तीन हजार शब्द ऐन वेळी जातात कुठे? याचं उत्तर शोधायला बातिया लॉफर यांचा 1998 सालचा अभ्यास उपयोगी पडतो. इस्रायलमधल्या, शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शब्दज्ञानाची त्यांनी तीन प्रकारांनी मोजणी केली : शब्द पाहून अर्थ कळतो का, वाक्यात रिकामी जागा आणि पहिली अक्षरं दिली तर शब्द आठवतो का, आणि कोणी न सांगता आपल्या निबंधात तो वापरला जातो का. शिक्षणाच्या एका वर्षात पहिल्या प्रकारचं ज्ञान चांगलं वाढलेलं दिसलं. दुसऱ्या प्रकारचंही वाढलं. तिसऱ्यात मात्र काहीच प्रगती दिसली नाही. ओळखीचे शब्द वाढत गेले आणि निबंधात ती मुलं जुन्याच शब्दांवर भागवत राहिली. तुमची तक्रार यापेक्षा वेगळी नाही, त्यामुळे स्वतःला 'ढ' वगैरे समजू नका. ओळखीचा शब्द आपोआप वापरात येत नाही. तो वापरात आणण्याचं काम वेगळं आहे आणि ते वेगळंच करावं लागतं.

मराठीत ज्याला आपण तोंडओळख म्हणतो, तेवढीच तुमची त्या तीन हजारांशी ओळख आहे. रस्त्यात दिसले तर चेहरा कळतो, पण हा कुणाबरोबर असतो, कुठे जातो-येतो आणि कुठे मुळीच जात नाही, हे माहीत नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दशिक्षणातलं मोठं नाव. शब्द येणं म्हणजे त्याचं रूप, त्याचा अर्थ आणि त्याचा वापर हे तिन्ही येणं, असं ते मांडतात. वापरात पुन्हा बऱ्याच गोष्टी येतात : शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतो, वाक्यात कुठल्या साच्यात बसतो, औपचारिक आहे की बोलीतला. तुमच्या ॲपनं रूप आणि एक अर्थ दिला. वाचायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं, कारण बाकीचं समोरचं वाक्य पुरवतं. लिहिताना ते वाक्य आपल्यालाच उभं करायचं असतं.

तुमच्या दुसऱ्या उताऱ्यातलं पहिलंच वाक्य घेऊ : 'टेक्नॉलॉजी हॅज पर्पेट्रेटेड अ कोलॉसल इम्पॅक्ट ऑन ह्यूमन एक्झिस्टन्स.' तुमच्या यादीत 'पर्पेट्रेट' म्हणजे 'करणे, घडवून आणणे' असं असणार, आणि ते खोटं नाही. पण इंग्रजीत हा शब्द गुन्हा, हल्ला, फसवणूक, अत्याचार अशांच्याच संगतीत सापडतो. त्यामुळे तंत्रज्ञानानं काहीतरी गुन्हा केला आहे असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि पुढच्या वाक्यात तुम्ही तर त्याचे फायदे सांगता. 'कोलॉसल' (प्रचंड) चुकलेला नाही, पण तीन वाक्यांच्या मुद्द्याला तो फार अवजड होतो. हेच वाक्य 'टेक्नॉलॉजी हॅज चेंज्ड द वे वी वर्क अँड स्टडी' असं लिहिलं असतं तर? त्यात तुम्हाला आठवीपासून न येणारा एकही शब्द नाही, तरीही ते जास्त सांगतं, कारण बदल नेमका कशात झाला ते त्यात आहे.

पहिल्या उताऱ्यात चूक उलट बाजूची आहे : 'टेक्नॉलॉजी इज डूइंग व्हेरी बिग इफेक्ट ऑन अवर लाइफ.' इथे 'परिणाम करणे' यातला 'करणे' सरळ 'डू' होऊन आला. इंग्रजीत 'इफेक्ट'च्या जोडीला 'हॅव' येतो : 'हॅज अ बिग इफेक्ट'. तसंच 'मेक अ डिसिजन', 'डू रिसर्च', 'टेक अ रिस्क'. या जोड्यांमागे तर्क शोधत बसू नका, बहुतेकदा तो सापडत नाही. जोडी सबंध लक्षात ठेवायची, तोडायची नाही. तुमच्या वहीत 'डिसिजन म्हणजे निर्णय' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो शब्द अजून लिहिण्याच्या कामाचा झालेला नाही.

आता त्या 'इम्पॉर्टंट'कडे येते, कारण मला सगळ्यात जास्त त्यावरच बोलायचं आहे. एका पानात तो सात वेळा आला आहे. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या अँजेला हॅसलग्रेन यांनी 1994 मध्ये अशा शब्दांना 'टेडी बेअर' म्हटलं होतं. लहानपणी शिकलेले, खात्रीचे, म्हणून मोठेपणीही घट्ट धरून ठेवलेले शब्द. ते सुटत नाहीत कारण त्यांच्यामुळे चूक होत नाही. पण त्यावर समानार्थी शब्दांची यादी उघडून 'क्रूशल', 'व्हायटल', 'सिग्निफिकंट' असे आळीपाळीनं टाकत गेलात, तर निबंध सुधारणार नाही. शब्द बदलतील, विचार होता तिथेच राहील. दर वेळी स्वतःला विचारा : महत्त्वाचं म्हणजे कसं?

तुमचीच वाक्यं बघा. 'इंटरनेट इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर स्टुडंट्स' असं तुम्ही लिहिलंत. महत्त्वाचं म्हणजे त्यावाचून त्यांचं अडतं का? मग 'मेनी स्टुडंट्स डिपेंड ऑन द इंटरनेट फॉर देअर स्टडीज.' 'पेरेंट्स आर इम्पॉर्टंट' यात तुम्हाला म्हणायचं होतं की मुलं फोन कसा वापरतात हे आईवडिलांवर ठरतं. मग 'पेरेंट्स इन्फ्लुएन्स हाऊ देअर चिल्ड्रन यूज फोन्स.' 'सेफ्टी इज इम्पॉर्टंट' यात ती सगळ्यात आधी पाहिली पाहिजे असं म्हणणं असेल, तर 'सेफ्टी शुड कम फर्स्ट' एवढं साधं लिहा. 'डिपेंड', 'इन्फ्लुएन्स' हे शब्द तुमच्या तीन हजारांत नक्की आहेत. विशेषण जाऊन क्रियापद आलं आणि प्रत्येक वाक्य काहीतरी ठामपणे सांगू लागलं, ज्याला पुढे उदाहरण देता येतं, कारण देता येतं. शब्द नेमका झाला की विचारालाही पुढे सरकावं लागतं. शब्दज्ञानानं लिखाण सुधारतं ते मुख्यतः असं, आणि म्हणूनच या विषयाबद्दल मी इतक्या पोटतिडकीनं लिहिते आहे.

'थिंग'चंही तसंच. 'मेनी चिल्ड्रन यूज फोन्स लेट ॲट नाइट. धिस थिंग इज बॅड.' इथे 'थिंग'च्या जागी 'हॅबिट' लिहिलं की मागच्या वाक्याला नाव मिळतं आणि दोन्ही वाक्यं जोडली जातात. प्रॉब्लेम, ट्रेंड, रीझन, चेंज, डिफरन्स, ॲप्रोच अशी पंधरा-वीस नामं हाताशी असली की 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर'ची भरती निम्म्यानं कमी होते. याच कामाला एकाच शब्दाची वेगवेगळी रूपंही येतात. एका वाक्यात 'द नंबर ऑफ यूजर्स हॅज इन्क्रीज्ड' म्हटलं की पुढचं वाक्य 'धिस इन्क्रीज' असं सुरू करता येतं. 'डिसाइड' आला म्हणजे 'डिसिजन' आणि 'डिसायसिव्ह' आलेच, असं मात्र समजू नका. नॉर्बर्ट श्मिट आणि शेरिल झिमरमन यांनी 2002 मध्ये नेमकं हेच तपासलं. परदेशी विद्यार्थ्यांना एका शब्दाची काही रूपं येतात, पण नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण अशी चारही क्वचितच येतात, असं त्यांना दिसलं.

मग शब्द किती हवेत? कोणाच्या मदतीशिवाय वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुलं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुल) लागतात, असा नेशन यांचा 2006 सालचा हिशेब आहे. तो वाचनाचा. लिहायला त्यापेक्षा पुष्कळ कमी शब्दांत भागतं. मायकल वेस्ट यांनी 1953 साली इंग्रजीतल्या रोजच्या उपयोगाच्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या पुस्तकांतलासुद्धा सुमारे तीन चतुर्थांश मजकूर त्या शब्दांनीच बनलेला असतो. ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या 2000 सालच्या यादीत 570 शब्दकुलं आहेत, ती अशा मजकुराचा आणखी दहावा हिस्सा व्यापतात. परीक्षेच्या निबंधाला लागणारी सामग्री बहुतांशी एवढ्यात आहे, आणि त्यातलं पुष्कळ तुम्हाला आधीच ओळखता येतं. वाचनासाठी नवे शब्द शिकणं चालू राहू द्या, पण तो वेगळा उद्योग समजा आणि दिवसातला थोडाच वेळ त्याला द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं. दर आठवड्याला ओळखीच्या शब्दांपैकी दहा-बारा निवडा, तेही येत्या निबंधाच्या विषयाला लागणारे. शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात प्रत्येकाची उदाहरणवाक्यं पाहा. वहीत त्यातलं एक सबंध वाक्य उतरवा, शब्दाच्या सोबतीला आलेले शब्द अधोरेखित करा आणि खाली स्वतःचं, खरं वाक्य लिहा. खरं म्हणजे तुमच्या मताचं. 'द मॅन इन्फ्लुएन्स्ड द बॉय' अशा वाक्यातून काही हाती लागत नाही. मग त्याच आठवड्यात ते शब्द घेऊन निबंध लिहा. या शेवटच्या पायरीला पर्याय नाही. यान हुल्स्टाइन आणि लॉफर यांनी 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी नवे शब्द अर्थासह उताऱ्यात वाचले, काहींनी वाचून रिकाम्या जागा भरल्या आणि काहींनी ते शब्द वापरून स्वतः मजकूर लिहिला. शब्द सगळ्यात चांगले लिहिणाऱ्यांच्या लक्षात राहिले. म्हणजे शब्द आधी पक्के होतील आणि मग मी लिहीन, अशी वाट पाहत बसायचं कारण नाही. लिहिण्यानंच ते पक्के होतात.

दुसरा सराव बेंजामिन फ्रँकलिनचा. इंग्रजी त्याची मातृभाषाच, तरी तरुणपणी स्वतःचं लिखाण सुधारायला त्यानं काय केलं ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आवडलेल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याचा आशय तो त्रोटक टिपून ठेवी, काही दिवस जाऊ देई, मग टिपणांवरून लेख पुन्हा आपल्या शब्दांत लिही आणि मुळाशी ताडून पाही. तेव्हा त्याला कळलं की आपल्याकडे शब्दांचा साठा कमी आहे आणि आहे तो झटकन आठवून वापरण्याची तयारीही नाही. तुमच्या पत्रातलं दुखणं त्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटतं. तुम्ही आठवड्यातून एकदा एका चांगल्या परिच्छेदावर हा प्रयोग करा. परिच्छेद लहान घ्या. मूळ लेखकानं जिथे तुम्हाला येणाराच शब्द वापरला आणि तुम्हाला तो सुचला नाही, त्या जागा वहीत उतरवा. पुढच्या आठवड्याचे शब्द निवडायला त्याहून चांगली यादी कुठल्याही ॲपमध्ये मिळणार नाही.

मराठीत विचार करण्याची सवय मोडू नका, उलट पहिल्या खर्ड्यात तिला उघडपणे जागा द्या. शब्द अडला की तिथे सरळ मराठी शब्द लिहा आणि पुढे चला. 'पीपल आर बिकमिंग परावलंबी' असं वाक्य पहिल्या खर्ड्यात बेलाशक असू द्या. आपण बहुधा उलट करतो : शब्द अडला की मुद्दाच बदलतो आणि जे सोपं आहे तेवढंच म्हणतो. मग निबंध बिनचूक होतो, पण पोकळ राहतो. कॅनडाच्या मेरिल स्वेन यांचं म्हणणं असं की भाषा वापरू लागल्यावरच आपल्याला काय म्हणायचं आहे आणि काय म्हणता येतं यांतलं अंतर लक्षात येतं. मराठी शब्द त्या अंतराची खूण म्हणून कागदावर राहतो. दुसऱ्या खर्ड्यात तेवढ्याच जागा भरायच्या. मात्र मराठी वाक्याचा एकेक शब्द उचलून इंग्रजी करू नका, 'डूइंग इफेक्ट' तिथूनच येतं. आशय मराठीतून घ्या, वाक्याचा साचा इंग्रजीतून.

मोठ्या शब्दांचा मोह सोडा. डॅनियल ओपनहायमर यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रवेश-अर्जांच्या निबंधांतले साधे शब्द काढून लांबलचक समानार्थी शब्द घातले होते. वाचणाऱ्यांनी अशा निबंधांच्या लेखकांना अधिक हुशार ठरवलं नाही, उलट कमी ठरवलं. तुमच्या सरांचा दुसरा शेरा कठोर वाटला तरी तो योग्य होता. पहिल्यावर मात्र माझा थोडा आक्षेप आहे. 'शब्दसंपदा तोकडी' एवढंच सांगितल्यावर विद्यार्थी आणखी एक यादी पाठ करण्याखेरीज करणार तरी काय? पुढचा निबंध दाखवाल तेव्हा त्यांना एवढंच विचारा की कोणत्या तीन जागी शब्द नेमका नाही, त्यावर खूण करून द्या.

व्याकरणाला वेगळा वेळ द्या, पण शब्द सोडून नको. तुमच्या उताऱ्यांत काळाच्या चुका मोजक्याच आहेत. लाल शाई जिथे दाट आहे तिथे बहुतेक ठिकाणी चुकीची जोडी, चुकीचं शब्दयोगी किंवा चुकीचं अनेकवचन आहे : 'डिस्कस अबाउट', 'एक्स्प्लेन मी', 'ॲडव्हायसेस'. या चुका व्याकरणाच्या दिसतात, पण त्या शब्दाबरोबरच शिकायच्या असतात. शेरिल एंगबर यांनी 1995 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध तपासले, तेव्हा गुणांशी सगळ्यात चांगला मेळ बसला तो बिनचूक वापरलेल्या शब्दांच्या विविधतेचा. नुसत्या विविधतेचा मेळ त्यापेक्षा कमी भरला.

चार महिन्यांत दीड-दोनशे शब्द असे हाताखालून जातील. ऐकायला आकडा लहान वाटेल, पण तेवढ्यांनी तुमच्या अडीचशे शब्दांच्या निबंधात फरक दिसू लागतो. शेवटच्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नका. स्वतःचे जुने निबंध काढा, त्यातला एक घड्याळ लावून पुन्हा लिहा आणि शेवटची पाच मिनिटं फक्त 'व्हेरी', 'गुड', 'थिंग', 'इम्पॉर्टंट' एवढे चार शब्द शोधण्यासाठी राखून ठेवा. प्रत्येक जागी बदलायलाच हवं असं नाही. काही ठिकाणी 'गुड' हाच नेमका शब्द असतो, तिथे तो खुशाल राहू द्या. आणि मध्ये कधी एखादा नवा परिच्छेद, खाडाखोडीसकट, मला पाठवलात तर मी तो नक्की वाचेन.

– तुमची ताई